दीवचा किल्ला गावाकडे तोंड करून का उभा आहे?

जंजिरा, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग पाहिलेला माणूस दीवच्या किल्ल्यात शिरला की त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तीन बाजूंना समुद्र आहे, म्हणजे सगळा जोर समुद्राकडे असणार, असा आपला अंदाज असतो. पण समुद्राकडचा तट त्या मानाने साधा निघतो. जाड बुरूज, खडक फोडून केलेला खंदक, एकामागे एक दोन तट हे सगळं पश्चिमेला, म्हणजे आपण गावातून चालत येतो त्याच बाजूला. किल्ल्याने पाठ समुद्राला दिली आहे आणि तोंड गावाकडे केलं आहे.

हे असं का, एवढा एक प्रश्न घेऊन फिरलं तर दीव उलगडत जातं. किल्ला तर कळतोच, पण गावातली तीन मोठी चर्च, खाडीतला पाणीकोठा आणि वेशीवरचा झांपा दरवाजाही आपापल्या जागी बसतात. म्हणून हा लेख ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ अशी यादी देत नाही. किल्ला आणि चर्च कशी वाचायची, ते सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, उना गावाच्या खाली, किनाऱ्याला जवळजवळ चिकटून पडलेलं हे बेट आहे. लांबी साधारण ११-१२ किलोमीटर, रुंदी जेमतेम ३. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये उथळ खाडी आहे आणि ओहोटीला तिथे जागोजाग चिखल उघडा पडतो. पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव, पूर्वेला दीव शहर, आणि त्याच्याही पुढे, बेटाच्या अगदी नाकावर, किल्ला.

या चिमुकल्या बेटावरून एवढी युद्धं झाली ती खंभातच्या आखातामुळे. खंभात हे गुजरातचं श्रीमंत बंदर, पण आखातात भरती-ओहोटीचा जोर भयंकर आणि वाळूचे दांडे सतत जागा बदलणारे. एडन, होर्मुझ, मक्केकडून येणारी मोठी गलबतं आत शिरायला कचरत. ती दीवला थांबत आणि माल लहान होड्यांत उतरवून पुढे जाई. ज्याच्या हाती दीव, त्याच्या हाती गुजरातच्या व्यापाराची किल्ली. गुजरातच्या सुलतानाचा इथला सुभेदार मलिक अयाझ याने हे पुरतं ओळखलं होतं. त्याने शहराला तट घातला, खाडीच्या तोंडाशी खडकावर बुरूज उभा केला, आणि तिथून लोखंडी साखळी टाकून बंदर बंद करायची सोय केली.

पोर्तुगीज आणि दीव यांच्या वैराची सुरुवात मात्र आपल्या कोकणात झाली. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांच्या आणि मलिक अयाझच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठलं. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरणाबांड मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ला, दीवसमोरच्या समुद्रात त्या आरमाराचा चुराडा केला. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की अरबी समुद्राचं राजकारण पालटवणाऱ्या एका लढाईचं मूळ समोरच्या कुंडलिकेच्या मुखाशी आहे!

समुद्र जिंकला, तरी दीव काही हाती लागलं नाही. १५३१ साली पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. बेट मिळालं ते हुमायूनमुळे. मुघल फौजा अंगावर आल्या तेव्हा सुलतान बहादूरशहाला मदतीची निकड भासली. डिसेंबर १५३४च्या वसईच्या तहाने त्याने वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली, आणि १५३५ साली दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. मुघलांचं संकट टळल्यावर त्याला आपली चूक कळली. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो पोर्तुगीज जहाजावर बोलणी करायला गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत दीवच्याच समुद्रात मारला गेला.

इथे आपल्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं. १५३५ मध्ये पोर्तुगीजांना मिळालं ते फक्त बेटाचं नाक. गाव सुलतानाचं, माणसं सुलतानाची, आणि बहादूरशहाच्या मृत्यूनंतर तर तीही दुखावलेली. समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती, मदतही समुद्रातूनच येणार होती. भीती होती ती शेजारच्या गल्लीची.

ती भीती दोनदा खरी ठरली. १५३८ साली गुजरातच्या फौजा ख्वाजा सफरच्या हाताखाली जमिनीवरून आल्या आणि समुद्रातून इजिप्तचा तुर्की सुभेदार सुलेमान पाशा आरमार घेऊन आला. किल्लेदार अंतोनियो द सिल्वेराकडे शेवटी लढू शकतील अशी मूठभर माणसंच उरली होती, पण किल्ला पडला नाही. पाशा आणि गुजराती सरदार यांचं एकमेकांशी पटलं नाही आणि वेढा उठला. दुसरा वेढा १५४६चा. तो पहिल्याहून भीषण आणि जवळपास सात महिने चालला. ख्वाजा सफर तोफेच्या गोळ्याने ठार झाला, पण वेढा चालूच राहिला. हल्लेखोरांनी आता तोफांपेक्षा सुरुंगांवर भर दिला. तटाखालून भुयार खणायचं, त्यात दारू ठासायची आणि बुरूज मुळापासून उडवायचा. ऑगस्टमध्ये सेंट जॉनचा बुरूज असाच उडाला. त्यात गव्हर्नर झुआंव द कास्त्रोचा कोवळा मुलगा फर्नांदो मेला. नोव्हेंबरमध्ये कास्त्रो स्वतः गोव्याहून आरमार घेऊन आला आणि त्याने वेढा मोडून काढला.

किल्ल्याची तेव्हा अक्षरशः धूळ झाली होती, आणि बांधायला पैसा नव्हता. कास्त्रोने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत अजून पुरतं मातीत मिसळलं नव्हतं. तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस कापून तारण पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले. आज आपण पाहतो तो किल्ला मुख्यत्वे या नंतरचा. त्याच्या भिंतींत गोव्याचा पैसा आहे हे आठवलं की मला हा किल्ला परका वाटत नाही.

आता प्रत्यक्ष किल्ला. सह्याद्रीतले गड पाहून तयार झालेली आपली नजर इथे जरा बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे डोंगर हाच तट. कडा तासला, गोमुखी दरवाजा आडोशाला लपवला, की निम्मं काम झालं. दीव सपाट आहे. इथे उंची मिळवायला एकच मार्ग होता, खाली खणणं. म्हणून पश्चिमेला खडकात रुंद खंदक खोदला आणि त्याचा दगड वर तटाला लावला. खंदकात भरतीचं पाणी शिरतं. पुलावर उभं राहून खाली पाहिलं, की दोन्ही बाजूंचा कातळ दिसतो. तो नुसता अडथळा नाही. १५४६च्या सुरुंगांना ते उत्तर आहे. पाण्याखालच्या कातळातून भुयार काढणं सोपं नव्हे.

दुसरी गोष्ट भिंतींची. तोफा यायच्या आधी तट जितका उंच तितका चांगला, कारण शत्रू शिड्या लावून चढणार. तोफ आल्यावर तीच उंची घातक ठरली. उंच, सडपातळ भिंतीला गोळा लागला की ती कोसळते. मग तट बुटके झाले, पायाशी रुंद आणि वर निमुळते होत गेले, दोन दगडी भिंतींच्या मध्ये माती आणि भर आली. मातीत गोळा रुततो, भिंतीला हादरा कमी बसतो. दीवच्या तटाला तळाशी हात लावून वर बघा, भिंत आपल्यापासून दूर झुकलेली दिसेल. त्या ढाळावर आदळलेल्या गोळ्याचा जोरही ओसरतो.

तिसरी गोष्ट बुरुजांच्या आकाराची, आणि ही मला सगळ्यांत सुंदर वाटते. गोल बुरुजाच्या अगदी पायाशी, नेमकं पुढ्यात, उभे राहा. वरच्या पहारेकऱ्याला तुम्ही दिसत नाही, त्याला वाकावं लागेल. शेजारच्या बुरुजांवरचे तोफची तुम्हाला टिपू पाहतील, तर मध्ये बुरुजाचा गोल फुगवटा येतो. त्यामुळे बुरुजासमोर एक त्रिकोणी जागा अशी राहते, जिथे कुठूनच मारा पोचत नाही. सुरुंग लावणाऱ्याला हीच जागा हवी असते. सोळाव्या शतकात इटलीतल्या स्थपतींनी त्यावर तोड काढली ती इतकी साधी, की थक्क व्हावं. तो त्रिकोणच दगडाने भरून टाकायचा! बुरूज गोल न ठेवता भाल्याच्या पात्यासारखा टोकदार करायचा. मग प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजाला सरळ रेषेत दिसते आणि लपायला तसूभर जागा उरत नाही. दीवला जुन्या वळणाचे आणि नव्या वळणाचे असे दोन्ही आकार आहेत. युद्धशास्त्र बदलत होतं त्याच वर्षांत हा किल्ला बांधला, मोडला आणि पुन्हा बांधला गेला, म्हणून तो बदल दगडात टिकून राहिला.

तटावरच्या फांजीवरून सावकाश चालत जा. तोफा अजून जागेवर आहेत, काही लोखंडी, काही कांस्याच्या. लोखंडी तोफेवर खारा वारा बसून पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की तांबूस पूड हाताला लागते. कांस्याची तोफ हिरवट पडते पण तिच्यावरची नक्षी शाबूत राहते. बहादूरशहाची १५३३ साली ओतलेली एक प्रचंड तोफ मात्र इथे नाही. ती पोर्तुगालला नेली आणि आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात ‘दीवची तोफ’ म्हणूनच ठेवलेली आहे. किल्ल्यात पावसाचं पाणी साठवायची टाकी दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. बेटावर नदी नाही. वेढ्यात तोफांइतकीच भिस्त या टाक्यांवर होती. आत सेंट जेम्सचं छोटं प्रार्थनाघर आहे, दीपस्तंभ आहे. किल्ल्याच्या एका भागात बरीच वर्षं तुरुंगही होता.

तटावरूनच उत्तरेला खाडीत पाणीकोठा दिसतो. पाण्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखा त्याचा आकार आहे. मलिक अयाझची साखळी जिथून टाकली जाई, त्याच जागेचं काम पुढे पोर्तुगीजांनी या छोट्या जलदुर्गाकडून करून घेतलं. किल्ला आणि पाणीकोठा दोन्हीकडून मारा झाला की खाडीत शिरणारं गलबत कात्रीत सापडतं. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग आणि पद्मगड, किंवा हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरचे गोवा-कनकदुर्ग पाहिले असतील, तर ही जोडीची चाल लगेच ओळखू येते. पुढे पाणीकोठ्याचाही तुरुंग झाला.

दुसऱ्या वेढ्यानंतर बेट पूर्णपणे पोर्तुगीजांच्या हाती आलं. आता गावही त्यांचं, मग गावालाही तट हवा. बेटाच्या आडव्या रुंदीत, गावाच्या पश्चिमेला, जुनी तटबंदी पुन्हा मजबूत केली गेली. म्हणजे संरक्षणाच्या दोन रेषा झाल्या, बाहेर गावाचा तट आणि आत किल्ला. आपल्या भाषेत एक पडकोट, दुसरा बालेकिल्ला. दीवची तिन्ही मोठी चर्च या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. हा निव्वळ योगायोग नव्हे. किल्ल्याच्या आत जागा तोफांची आणि शिपायांची. चर्चला माणसं हवीत, चौक हवा, मिरवणुकीला रस्ता हवा. बाहेरचा तट भक्कम झाल्यावरच गावात मोठाली चर्च बांधायचं धाडस करता आलं. सालं पाहा: वेढा १५४६चा, आणि आसिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च १५९३चं, संत थॉमसचं १५९८चं, संत पौलाचं १६१०च्या सुमाराला पुरं झालेलं.

तिघांत संत पौलाचं चर्च अजून चालतं. तिथे मिस्सा होते, म्हणून आत जाताना आवाज खाली ठेवावा, हे सांगायला नकोच. ते येशूसंघाचं, म्हणजे जेसुइट धर्मगुरूंचं, चर्च. गोव्यात येशूसंघीयांचं मोठं विद्यालय संत पौलाच्या नावाचं होतं, त्यावरून लोक त्या धर्मगुरूंनाच ‘पावलिस्त’ म्हणू लागले. दीवचं चर्च मुळात निष्कलंक मारियेला अर्पण केलेलं, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते संत पौल. समोर उभं राहिलं की दर्शनी भिंतीवरून नजर हटत नाही. एकावर एक मजले, प्रत्येक मजल्यावर खांबांच्या जोड्या, मधल्या कोनाड्यांत नक्षी, बाजूंना गोगलगाईसारखी वळणं, शिंपल्यांचे आकार. आणि बाजूला गेलं की भिंत एकदम साधी. हा विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे.

चर्चमध्ये शिरलं की समोर लाकडी वेदी असते. खाली टेबल, वर मजल्यामजल्यांनी चढत जाणारे कोनाडे, त्यांत संतांच्या मूर्ती. ही वेदीची रचनाच दगडात उचलून बाहेर दर्शनी भिंतीवर मांडली आहे. आत जे गाभाऱ्यात दिसणार, त्याची चाहूल चौकातच मिळावी, असा तो हेतू. आपल्या देवळातही गर्भगृहाच्या द्वारशाखेपेक्षा बाहेरच्या अंगावरच जास्त शिल्पं असतात, पण तिथे ती चारी बाजूंना, कारण आपल्याला प्रदक्षिणा घालायची असते. चर्चला प्रदक्षिणा नाही. माणूस समोरूनच येणार आणि सरळ आत जाणार, म्हणून सगळी कलाकुसर एका भिंतीवर.

बाजूच्या भिंती साध्या, पण भलत्या जाड. कारण डोक्यावर कमानीचं छत आहे. घरी एक प्रयोग करून पाहा. दोन पुस्तकं उभी ठेवा, त्यांच्यामध्ये एक जाड कागद कमानीसारखा वाकवून बसवा आणि वरून हलकेच दाबा. पुस्तकं बाहेरच्या बाजूला सरकतील. दगडी कमान भिंतींना तशीच अखंड, दिवसरात्र, बाहेर ढकलत असते. भिंत जाड नसेल तर ती फाकते आणि छत खाली येतं. चर्चच्या बाजूच्या भिंती म्हणजे ती पुस्तकं घट्ट धरून उभे असलेले हात. आत वेदीवरचं लाकूडकाम निरखून पाहा, पानं-वेली जवळून बघितल्या की त्या सौराष्ट्रातल्या हवेल्यांच्या तुळयांवरही शोभल्या असत्या असं वाटतं.

संत थॉमसच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. उंच, पांढरंशुभ्र, जवळजवळ रिकामं. तिथे जुन्या लाकडी संतमूर्ती ठेवल्या आहेत, कोणाची बोटं गेलेली, कोणाचा रंग उडालेला, तरी चेहऱ्यावरची शांतता तशीच. संत फ्रान्सिसचं चर्च फ्रान्सिस्कन संघाचं, तिथे पुढे इस्पितळ चालू झालं. ही चर्च ओस पडण्याचं कारण लिस्बनमध्ये आहे. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने येशूसंघीयांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं, आणि १८३४च्या हुकमाने बाकीचे पुरुषसंघही बरखास्त केले. गोव्यातले, दीवमधले मठ एका फटक्यात रिकामे झाले. एवढ्याशा गावाला तीन मोठी चर्च चालवणं शक्यच नव्हतं.

वसईच्या किल्ल्यात हिंडलेल्या प्रत्येकाने दीवला एकदा तरी यावं, असं मला मनापासून वाटतं. फ्रान्सिस्कन, येशूसंघ, हेच धर्मसंघ तिथेही होते, तशाच दर्शनी भिंती, तशाच कमानी. पण १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले आणि चर्चची छपरं हळूहळू ढासळली. घंटा मराठ्यांनी आणल्या, भीमाशंकरला किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही दिसतात. आज वसईत येशूसंघाच्या चर्चची दर्शनी भिंत उभी आहे आणि मागे नुसतं आभाळ. त्या भिंतीमागे काय होतं, ते संत पौलात शिरलं की डोळ्यांनी दिसतं. दीव १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं, म्हणून इथली छपरं टिकली. त्या वेळी भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या युद्धनौकेने किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि तेव्हा मात्र मारा समुद्राच्या बाजूने आला.

गावाच्या पश्चिम तटातला झांपा दरवाजा चुकवू नका. लाल रंगाने रंगवलेला, त्यावर सिंह आणि देवदूत कोरलेले. आतल्या बाजूला मारियेचं लहानसं देवघर आहे, त्यावर १७०२ सालचा लेख. वेशीवर मारुती असतो तशीच ही जागा.

तिथून जवळच, तटाबाहेर, नायडाच्या गुहा आहेत. नाव गुहा असलं तरी ही खाण. किल्ल्याचा आणि गावाचा दगड इथून काढला, असं स्थानिक लोक सांगतात. हा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा चुनखडीचा दगड, पोरबंदरी म्हणतात तो त्याच जातीचा. कापायला मऊ, बारीक रवाळ, बोटाने चोळलं तर साखरेच्या कणांसारखं जाणवतं. भिंतींवर छिन्नीच्या आडव्या रेघा अजून ओळीने दिसतात आणि वरच्या भगदाडांतून उन्हाचे कवडसे खाली उतरतात.

जायचं कसं? बेटावर रेल्वे नाही. वेरावळपर्यंत गाडीने जाऊन पुढचे ९० किलोमीटर रस्त्याने करता येतात, सोमनाथला जाणारे बहुतेक जण तसंच करतात. नागव्याला छोटा विमानतळ आहे. किल्ला सकाळी लवकर घ्या, तटावर सावली कुठेच नाही. चर्च दुपारी. नायडाच्या गुहा ऊन डोक्यावर असताना चांगल्या दिसतात. आणि संध्याकाळी जेटीवरच्या कोळ्यांना भरतीची वेळ विचारून पुन्हा एकदा किल्ल्याच्या खंदकाशी या. पाणी आत शिरताना बघायला मिळेल.